दादाच्या जपानी गाडीची कॅपिटल रिपेअर

रिसाली, भिलाई
भाऊबीज, १९९३

तीर्थरूप नरहरीदादास,

धाकट्या वासंतीचा वाकून नमस्कार. तू, सरलावहिनी आणि मुलं मस्कतला खुशाल असाल. वहिनींची कंबर आता कशी आहे? तिथल्या उन्हात आपोआप शेकून निघत असेल. इकडे आम्हीही ठीक आहोत, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिते. तू नाहीस म्हणून आत्ता गच्चीवर जाऊन चंद्राला ओवाळलं (तुझ्यापेक्षा तो बरा, एका जागी उभा तरी राहतो) आणि तबक खाली ठेवून लगेच पत्राला बसले. तुझ्या गाडीचं तुला दुसऱ्या कोणाकडून कळण्याआधी माझ्याकडून कळलेलं बरं. उभा असशील तर बस.

मागच्या सुट्टीत तू ती चिमुकली लाल जपानी गाडी बोटीने आणून आमच्या अंगणात उभी केलीस. स्टिअरिंग डावीकडे, त्यामुळे कॉलनीतल्या लोकांना आधीच धक्का. जाताना तू म्हणालास, रायपूरचे हरिभाऊ ती विकत घेणार आहेत, तोवर फक्त पुसत जा. दादा, हे तू कोणाला सांगत होतास? ज्या माणसाचा जन्म पोलाद कारखान्यात ब्लास्ट फर्नेसवर, लोखंड वितळवणाऱ्या भट्टीवर गेला आणि जो नुकताच मार्चमध्ये रिटायर झाला, त्याला? तू गेल्यावर तुझ्या मेहुण्यांची, अच्युतरावांची, काय दशा झाली ती तू पाहिली नाहीस. सकाळी प्लांटचा भोंगा झाला की हे उठून सेफ्टी शूज घालायचे, नाड्या बांधायचे, मग आठवण झाली की तसेच व्हरांड्यात बसून राहायचे. बोलणं बंद, भाजीत मीठ नसलं तरी तक्रार नाही. मला भीती वाटायला लागली होती, खोटं कशाला लिहू.

मग एके दिवशी पुसता पुसता यांनी बॉनेट उघडलं आणि अशी आरोळी ठोकली की माझ्या हातातली कढई सुटली. मला वाटलं, विंचू चावला. धावत गेले तर हे चाचपत काहीतरी दाखवताहेत. ‘अवं वासंती, हिच्यात तर ब्लोअर हाय! आपल्या भट्टीसारखा!’ (त्याला टर्बो म्हणतात, हे मला आता झोपेतही सांगता येतं. गाडीचाच धूर एक इवलीशी चक्की फिरवतो आणि ती चक्की हवा दाबून इंजिनात कोंबते.) कितीतरी महिन्यांनी यांच्या तोंडून एवढं लांब वाक्य ऐकलं म्हणून मी आनंदले. तो आनंद दुपारपर्यंत टिकला. दुपारी बाबाराव आले. बाबाराव म्हणजे यांच्याबरोबरच भट्टीवरून रिटायर झालेले, भट्टीत जाणारी हवा तापवणाऱ्या स्टोव्हवाले. दोघांनी गाडीभोवती प्रदक्षिणा घातली आणि जाहीर केलं की हिची कॅपिटल रिपेअर करावी लागेल. प्लांटमध्ये अख्खी भट्टी थंड करून नखशिखांत उघडतात, तिला कॅपिटल रिपेअर म्हणतात. तुझी गाडी चालत होती रे! चालती गाडी!

दादा, त्यानंतर माझ्या घरात जे झालं त्याने मी अजून सावरलेले नाही. पुरणाच्या परातीत व्हॉल्व्ह. वरणाच्या पातेल्यात नटबोल्ट. इंजिनाचं डोकं देवघरासमोरच्या चौरंगावर, कारण तीच जागा समतल म्हणे. देवांच्या ताम्हनात रॉकेल ओतून त्यात बेअरिंग बुडवलेली पाहिली तेव्हा मी भिंतीला धरून खाली बसले. अंगणाच्या फाटकाला लाल पाटी टांगली, ‘शटडाउन चालू, हात लावू नये’. तुळशीला पाणी घालायचं तर बाबारावांची परवानगी. एवढं करून हे जेवताना मीठ कमी आहे म्हणून ओरडायला लागले, ते मात्र मला मनातून बरं वाटलं.

आता खरी गोष्ट. उघडता उघडता यांना जाळीचा एक चपटा डबा सापडला. टर्बोने दाबलेली हवा त्या डब्यातून थंड होऊन मग इंजिनात जाते. ते कळल्यावर दोघांनी एकमेकांकडे असं पाहिलं, जसं काही अख्ख्या जपानची चोरी पकडली. ‘जपान्याईनं गडबड केली ना जी,’ बाबाराव म्हणाले. ‘हवा थंडी करून कोनी भट्टीत घालते का?’ आमच्या भट्टीत हवा लालबुंद तापवून घालतात, तेव्हा कुठे लोखंड वितळतं. दोघांची उमर त्यातच गेलेली. तेव्हा डबा काढून फेकला (मी तो उचलून कुंपणाला टेकवला आणि त्यावर वालाचा वेल चढवला), आणि हवेचा पाइप थेट धुराच्या नळीभोवती गुंडाळून वरून ॲस्बेस्टॉसची दोरी करकचून बांधली. म्हणजे हवा अजून तापेल. मी म्हटलं, अहो, चुलीत फुंकणीने आम्ही साधीच हवा घालतो, तरी पेटते. त्यावर मला सांगण्यात आलं की चूल आणि ब्लास्ट फर्नेस यांत फरक असतो.

ट्रायलला मुहूर्त काढला विश्वकर्मा पूजेचा. दरवर्षी त्या दिवशी आम्ही नटूनथटून प्लांटमध्ये पूजेला जायचो. यंदा यांना तिथे जावंसं वाटेना, म्हणून पूजा अंगणात, तुझ्या गाडीची. झेंडूचा हार, हळदीकुंकू, नारळ. हरिभाऊ मुद्दाम रायपूरहून गाडी बघायला आले होते, पांढरंशुभ्र धोतर आणि काळी टोपी. हे डावीकडे स्टिअरिंगवर, मी उजवीकडे मांडीवर पूजेचं ताट घेऊन, मागे हरिभाऊ आणि बाबाराव. कोपऱ्यावर महिला मंडळाच्या कमलिनीबाई उभ्या. त्यांना दिसलं ते एवढंच की चालवणाऱ्याच्या जागेवर वासंतीबाई बसल्या आहेत, दोन्ही हातांत ताट आहे आणि डोळे मिटून रामरक्षा म्हणत आहेत. त्यांच्या हातातली पिशवी गळून पडली.

मोकळ्या रस्त्यावर यांनी पाय दाबला. आधी शिट्टी झाली. मग आतून कोणीतरी खलबत्त्यात गोटे कुटावेत तसा आवाज यायला लागला. ‘स्पीड पकडून राहिली, पकडून राहिली!’ बाबाराव मागून आनंदाने ओरडले. रस्त्याच्या कडेला डांबराचं मोठं पिंप होतं. मी म्हटलं, अहो पिंप! हे म्हणाले, ‘दिसलं मले,’ आणि गाडी सरळ पिंपावर. पिंप लोळत नालीत गेलं, आणि त्याच क्षणी असा धमाका झाला की माझं सगळं कुंकू हरिभाऊंच्या धोतरावर. काळा धूर, गरम तेलाचा वास, झेंडूची फुलं थेट आत. गाडी गप्प. हरिभाऊ उतरले, टोपी झटकली आणि पावर हाउसच्या स्टॉपवरून मिळेल त्या बसने रायपूरला गेले. कुंकवाने माखलेलं ते धोतर पाहून कंडक्टरने काय विचारलं असेल, देव जाणे.

इंजिन परत उघडलं तर पिस्टनला आरपार भोक. वितळला होता! बाबाराव त्या दिवसापासून आमच्याकडे चहासुद्धा घेईनात. हे दोन दिवस पुन्हा बूट घालून व्हरांड्यात. तिसऱ्या दिवशी स्वतःच म्हणाले, ‘आपल्या भट्टीले लोखंड वितळवायचं असते. हिले नाही वितळवायचं. तू फुंकणीचं बरोबर सांगत होती.’ दादा, इतक्या वर्षांच्या संसारात हे वाक्य मी प्रथम ऐकलं. पिंप, धमाका, भोक, या सगळ्यांपेक्षा मोठा धक्का मला त्याचाच बसला. मग नवा पिस्टन बसवला, ऐन शेंगांवर आलेला माझा वाल उपटून जाळीचा डबा जागेवर गेला, आणि आता गाडी अशी चालते की बाबारावही चहा पितात.

तर दादा, हरिभाऊंचा निरोप आहे की दिवाळी झाली, आता गाडी आहे तशी द्या. माझंही तेच म्हणणं. घेऊन जा म्हणावं एकदाची. माझ्या परातीला अजून ग्रीसचा वास येतो. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. पत्राचं उत्तर लगेच पाठव, आणि ते माझ्या नावावर पाठव.

तुझी,
वासंती

ता. क. पत्र टाकायचं राहिलं ते बरं झालं, हरिभाऊंना इतक्यात काही कळवू नकोस. पिंपाचं मला राहून राहून वाटत होतं, म्हणून यांना धरून डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. डोळ्यांच्या आतला पडदा गेला आहे. मोतीबिंदू नाही, ऑपरेशनचा उपयोग नाही. बाजूचं थोडं अंधुक दिसतं, समोरचं नाही. मी तिथेच रडले. हे शांत होते, कारण यांना ते रिटायर व्हायच्या आधीपासून माहीत होतं. कोणाला सांगितलं नाही, मलाही नाही. म्हणजे ते अख्खं इंजिन, दादा, यांनी दोन्ही वेळा हातांनी चाचपून जोडलं. आता तू मला सांग, कोणत्या तोंडाने मी यांना म्हणू की गाडी आता हरिभाऊंकडे चालली?

ता. क. दुसरा. पत्र अजून घरातच आहे, कारण मधल्या पंधरा दिवसांत बाबारावांनी मला मैदानात नेऊन गाडी शिकवली. हसू नकोस. आता डावीकडे मी बसते आणि उजवीकडे हे, इस्त्रीचा शर्ट घालून. लोकांना वाटतं, अच्युतराव अजून गाडी चालवतात. कमलिनीबाई मला म्हणाल्या, बरं झालं बाई, आता तुम्ही त्यांच्या शेजारी गप्प बसायला लागलात. तेव्हा यंदा साडी पाठवू नकोस, पैसे पाठवू नकोस. ओवाळणी म्हणून ही गाडी इथेच राहू दे. काल चौकात यांनी हात उंच करून कोणालातरी झोकात नमस्कार केला. तो विजेचा खांब होता. मी नुसता हॉर्न वाजवला.