काकीनं न वाचलेला शब्द

प्रिय काकी,

आज शाळेत प्रौढांच्या साक्षरता परीक्षेचे निकाल आले. तुला वर्गात ओढून आणणारी मी, तेव्हा निकालही मीच सांगायला हवा. काकी, तू पास नाहीस. लेखन उत्तम, गणित उत्तम आणि वाचनापुढं लिहिलंय, ‘सुधारणा आवश्यक’.

सुधारणा! तुझं दहावं-बारावंसुद्धा होऊन गेलं गं.

आठवतं? उत्रोलीत आत्याकडं राहून मी भोरला बीए केलं आणि घरातली पहिली पदवीधर म्हणून पासलीत परत आले. डोक्यात वारं शिरलं होतं. गावातल्या एकाही बाईला अंगठा उठवू देणार नाही, असं सांगत फिरत होते. तू दारात तांदूळ पाखडत होतीस. “लाकडं मसणात गेली, आन् आता पाटी व्हय गं?” म्हणालीस. आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या आधी येऊन बसलीस!

का आलीस, ते नंतर कळलं. काका तुला जन्मभर ‘अंगठेबहाद्दर’ म्हणून चिडवायचे. ते गेले, तरी भिंतीवरच्या फोटोतून हसतात असं तुला वाटायचं. म्हणून परीक्षेआधीच तू त्यांच्या फोटोशेजारी खिळा ठोकून ठेवलास. “प्रमाणपत्र हितं लावीन. बघत बसू देत रोज!”

परीक्षा घ्यायला बाहेरचे सर आले. मी खिडकीतून पाहत होते. तू लिहिलंस, हिशेब सोडवलेस. मग त्यांनी उतारा पुढं केला. ‘आमच्या गावात मारुतीचे देऊळ आहे.’ काकांचं नाव मारुती! आणि उताऱ्यात तो शब्द ओळीओळीला.

वर्गात तू त्या शब्दाला ‘शेंदराचा देव’ म्हणायचीस आणि बाया पदर तोंडाला लावून हसायच्या. कुणालाच त्यात वावगं वाटलं नाही. नवऱ्याचं नाव त्यांच्यातली तरी कोण घेते? सरांपुढंही तू तेच केलंस. ‘आमच्या गावात शेंदराच्या देवाचे देऊळ आहे.’

“मावशी, लिहिलंय तेच वाचा.”

तू बोट त्या शब्दावर तसंच ठेवलंस.

“हा शब्द येत नाही का?”

“येतो की.”

“मग वाचा.”

“न्हाई वाचायची.”

किती शांतपणे म्हणालीस! मी धावत आत गेले. “सर, तिच्या नवऱ्याचं नाव आहे ते. पहिल्या पानावर तिनंच लिहिलंय बघा, हौसाबाई मारुती.”

सर वाईट नव्हते. त्यांनी पान उलटून पाहिलं. “ताई, मला कळतंय,” ते म्हणाले, “पण शब्द वाचला की नाही, एवढंच मला लिहायचंय. का नाही वाचला, ते लिहायला इथं जागा नाही.”

घरी येताना मी तुझ्यावरच चिडले. “नाव लिहितेस ना त्यांचं? मग म्हणायला काय होतं?”

“लिवतो त्यो हात, बाई. त्वांड येगळं.”

“काकी, ते नाहीत आता!”

“म्हून त्यांचं नाव वाऱ्यावर सोडू व्हय?”

एकदा म्हटलं असतंस तर? रागावू नकोस, पण अजून मनात येतं. ज्यांच्या फोटोशेजारी तो कागद लावायचा होता, त्यांचंच नाव आडवं यावं!

तुझ्यामागं वर्ग मोडला. मी दारोदार फिरले. “हौसाबाईला जमलं न्हाई, तितं आमी कुठं लागून गेलो?” बाया म्हणाल्या. शेजारच्या सखूवहिनीनं शेळ्या सोडता सोडताच सांगितलं, “तुझी पाटी तुलाच ऱ्हाऊ दे, मास्तरीणबाई.” तुझं वाचन पुन्हा घ्यावं म्हणून वर अर्ज केला होता, त्याचंही काही आलं नाही. आज मुख्याध्यापकांनी पुढच्या परीक्षेला बसवायची नावं हातात दिली. तुझं नाव सगळ्यात वर. त्यापुढं ‘मयत’ मी लिहिलं, काकी. माझ्या पदवीचा गावाला एवढाच उपयोग झाला.

त्या खिळ्याला आता तुझा फोटो आहे. दादानं पुण्याहून येऊन आपल्या आईचा फोटो लावला आणि घराला कुलूप घालून गेला. पुढच्या खेपेला फोटोखाली छापलेलं नाव लावीन म्हणतोय. ते मी होऊ देणार नाही. तुझ्या सरावाचा एक कागद माझ्यापाशी आहे. तुझ्याच वेड्यावाकड्या, टपोऱ्या अक्षरातलं तुझं पूर्ण नाव मी तिथं चिकटवीन. बंद घरात ते कुणी वाचणार नाही, ठाऊक आहे मला. आणि माझा शब्द आहे, मीही ते मोठ्यानं वाचणार नाही.

तुझी मास्तरीण,
सुनंदा