वरून आलेलं पाणी

हासान, ५ ऑगस्ट १९९६

ती. मालसुनताईस, धाकट्या तेहोचा शि. सा. न. वि. वि.

किमची पोचली. यंदा फार तिखट झालीय; भावजींवरचा राग मिरचीवर काढलास वाटतं.

आता मुद्द्याचं. पंधरवडाभर शिंपल्या वेचायला नदीत उतरू नकोस, शेजारणींनाही उतरू देऊ नकोस. आमच्या केंद्रात शहराचं सांडपाणी सध्या नीट शुद्ध होत नाहीये. जास्त विचारू नकोस. लोभ आहेच, तो वाढव.

तेहो

सोंगा, ९ ऑगस्ट

चि. तेहो यास अनेक उ. आ.

मिरचीचं ह्यांना वाचून दाखवलं, हसले. तुझा निरोप मात्र कोणी ऐकेना. ऐन हंगाम आहे. शेजारची बोकनाम म्हणाली, तुझ्या भावाला घरी बसून पगार मिळेल, आम्हाला कोण देणार?

काल वाळूवर शिंपल्या तोंडं वासून मरून पडल्या होत्या. वास असा, की बोकनामसुद्धा मागे फिरली. जिवंत राहिलेल्या मात्र अजून बाजारात जातायत. लोक खातायत, तेहो.

आपल्या लहानपणी या नदीत कोणी पाय घालत नव्हतं. तुमचं केंद्र झालं, तेव्हा कुठे शिंपल्या परत आल्या. विचारू नकोस म्हणतोस, ते चालायचं नाही. झालं ते चारचौघांत सांग. मी तुझ्या पाठीशी आहे. तब्येतीला जप.

मालसुन

हासान, २० ऑगस्ट

ती. ताईस शि. सा. न.

कापड रंगवणाऱ्या कारखान्याने विषारी पाणी गटारात सोडलं. आमच्या टाकीत घाण खाऊन पाणी साफ करणारे जिवाणू असतात, ते सगळे मेले. नवे वाढेपर्यंत पाणी अडवायला हवं होतं. साठवणीची टाकी भरली, तसं प्रमुखांनी दार उघडून सगळं नदीत सोडायला लावलं, वर कुठे बोलायचं नाही म्हणून दम दिला. मी म्हटलं, खाली माझी बहीण पाण्यात उभी असते. ते म्हणाले, मग तिला घरी बसव.

तुझं पत्र आलं आणि मी वर्तमानपत्राच्या माणसाला सगळं सांगितलं, माझ्या नावानिशी. आज मला निलंबित केलं. जेवण जात नाही, पण झोप लागते. चुसोकला, पितरांच्या सणाला येतो. बाबांच्या थडग्यावरचं गवत दोघं मिळून कापू.

तुझा तेहो

सोंगा, १५ सप्टेंबर

चि. तेहो यास अनेक आशीर्वाद.

बातमी आली आणि बाजाराने आमच्या शिंपल्या घेणं बंद केलं. वरच्या ओढ्यातल्या चांगल्या होत्या, त्याही फेकाव्या लागल्या. बोकनामने शिंपल्यांच्या कढणाचं दुकान बंद केलं. कारखाना दंड भरून पुन्हा चालू झाला, तुमचे प्रमुख बढती घेऊन मोठ्या शहरात गेले. त्यांचं नाव इथे कोणी घेत नाही. मालसुनच्या भावाने नदी मारली म्हणतात. मी दिसले की बायका बोलायच्या थांबतात. ह्यांनी तर स्पष्टच सांगितलं, यंदा तेहोला बोलावू नकोस. मी भांडले नाही.

तुला बोलायला मीच लावलं, हे मी कोणाला सांगितलेलं नाही. रोज ठरवते, आणि बोकनाम समोर आली की मान खाली घालते. तू केलंस ते बरोबरच. पण ते मला कागदावरच लिहिता येतं, गावात तोंडाने म्हणवत नाही.

तेव्हा येऊ नकोस. गवत मी एकटी कापीन. लोभ आहे, सध्या तो लांबूनच असू दे.

मालसुन