आपलं इंजिन, तुमचं इंजिन

३ फेब्रुवारी

चि. ठकीस,

अनेक आशीर्वाद. मंगळवारी आपलं इंजिन सुरू झालं. आधी खोकलं, मग शिंकलं आणि मग असं गरजलं की शेजारचा सुतार हातातलं काम टाकून धावत आला. दोन वर्षं मी आणि लेथवरचे आपले टर्नरकाका या शेडमध्ये राबलो, पण ऐकायला तू नव्हतीस, म्हणून आनंद निम्माच झाला. खालच्या नटाला तुझाच बारीक हात पोचायचा. आता आम्हा दोघांची बोटं सोलली आहेत. पुढच्या महिन्यात शर्यत. तुझ्या कंपनीची गाडीही आहे म्हणे. आई विचारते, लेक आता कुणाकडून?

जेवत जा. आमच्यावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा,
बाबा

१४ फेब्रुवारी

ती. बाबांस,

सा. न. वि. वि. आईला सांगा, पगार इकडचा, जीव तिकडचा. इथे इंजिन काचेपलीकडे चालतं आणि आम्ही अलीकडे बसून आकडे बघतो. माझे हात इतके स्वच्छ असतात की ते माझे वाटत नाहीत. शर्यतीच्या गाडीतल्या नव्या इंजिनाचे व्हॉल्व्ह मी आखलेत, साहेब खूश आहेत; तरी संध्याकाळी खोलीवर आले की तुमच्या शेडमधली खटखट ऐकावीशी वाटते. शर्यतीला मला नेणार नाहीत. बाबा, नोकरी सोडून परत येऊ का?

टर्नरकाकांना नमस्कार. रागवा हवं तर, पण लिहा.

तुमची,
ठकी

१० मार्च

चि. ठकीस,

अ. आ. निम्म्या शर्यतीपर्यंत आपली गाडी तिसरी होती. मग कनेक्टिंग रॉड तुटला, धूर झाला आणि ड्रायव्हर पायी परतला. तुमची गाडी पहिली आली. टर्नरकाका मान खाली घालून बसले होते आणि मी उभा राहून टाळ्या वाजवत होतो. लाज कशी वाटत नाही, असं त्यांनी विचारलं. म्हटलं, आत आपल्या पोरीचे व्हॉल्व्ह आहेत. मग तेही उठले.

नोकरी सोडू नकोस. माझ्यासाठी तर नकोच. ही शेड किती दिवस तग धरेल, मलाच ठाऊक नाही. पण चार दिवसांची रजा काढून ये. इंजिन उघडून टेबलावर ठेवलंय. जोडायला कधी घ्यायचं, असं टर्नरकाका रोज विचारतात. घाई नाही, असं मी त्यांना सांगतो.

तुला खरं सांगतो, ठके, घाई आहे.

वाट पाहणारा,
बाबा