जिभेचा उपवास

५ मार्च, राखेचा बुधवार. सकाळी ६.१०

आजपासून ईस्टरपर्यंत जिभेचा उपवास. कोणाबद्दल वाईट बोलणार नाही. लिहिण्याबद्दल काही ठरवलेलं नाही.

बाकीचे लोक लेंटच्या या चाळीस दिवसांत मटण सोडतात आणि मासे दुप्पट खातात. मी जीभ निवडली. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर ॲग्नेस म्हणायच्या, हेलन, तुझ्या जिभेने काच कापता येईल. ते कौतुक नव्हतं, हे मला नोकरीला लागल्यावर कळलं.

मी नोकरी केली त्या टेलिफोन एक्स्चेंजमधल्या ट्रंक कॉलच्या रजिस्टरसारखी वही आखली आहे. तारीख, वेळ, दोष. दोष फक्त स्वतःचे लिहायचे. दुसऱ्याच्या वागण्यामुळे माझ्या हातून दोष घडला तर त्याचंही नाव लिहायचं, म्हणजे नोंद पूर्ण होते.

ईस्टरपर्यंत साध्य करायचं: शांत स्वभाव, नम्रता, आणि सगुणाला क्षमा. तिने आधी मागितली तर.

६ मार्च. सकाळी ७.००

पहिला दिवस पूर्ण. एकही वाईट शब्द बोलले नाही. वाटलं होतं त्यापेक्षा फार सोपं गेलं.

कोणी आलं नव्हतं.

९ मार्च, रविवार. दुपारी २.००

चर्चमध्ये सगुणा तिसऱ्या बाकावर. मी सातव्या. तिची मान दिसते. केस काळे करणं तिने सोडलं आहे.

वहीत नोंद नीट राहावी म्हणून लिहून ठेवते. सगुणा आणि मी ट्रंक बोर्डावर एकोणीस वर्षं शेजारच्या खुर्च्यांवर बसलो. मागच्या वर्षी जानेवारीत, मंगळवारच्या महिला मंडळात, प्रार्थनेचे विषय सांगायची वेळ आली. कोणाच्या गुडघ्याचं ऑपरेशन, कोणाच्या भाच्याचा व्हिसा. मग सगुणा उभी राहिली आणि सगळ्यांसमोर म्हणाली, आमच्या हेलनच्या एकटेपणासाठी प्रार्थना करू या.

बावीस बायकांनी डोळे मिटले. दोघींनी एक डोळा उघडा ठेवून माझ्याकडे पाहिलं.

पुढच्या मंगळवारी मी विषय दिला: सगुणाच्या जिभेसाठी. त्यानंतर आम्ही बोललेलो नाही. तेव्हापासून मंगळवारी मला जरा कामं असतात.

मी एकटी नाही. मी एकटी राहते. मराठीत दोन्हींना जवळजवळ एकच शब्द आहे, हा मराठीचा दोष.

१२ मार्च. सकाळी ९.३०

खालच्या खोलीत चन्नम्मा राहते. कडक भाकऱ्या करून विकते, तिचा तवा पहाटेपासून तापलेला असतो. आज जिन्यात तिने पिठाचा डबा मध्येच ठेवला होता. एरवी मी बोलले असते. आज फक्त डब्याकडे बघितलं, मग तिच्याकडे, मग आकाशाकडे.

ती म्हणाली, "काय हो बाई, दाड दुकतीय व्हय? आट दिस झालं, तुमच्या शिव्या न्हाईत काय न्हाईत. घर कसं सुनं वाटतंय."

मी ओठांवर बोट ठेवून वर हात दाखवला. म्हणजे देवासाठी. तिने मला दोन लवंगा आणून दिल्या आणि वरच्या दाढेत धरा म्हणाली.

दोष: चिडले. (चन्नम्मा.)

लवंगा चहात घातल्या.

१६ मार्च, रविवार. दुपारी १.३०

उत्तम शुक्रवारच्या, म्हणजे गुड फ्रायडेच्या, उपासनेची यादी लागली. बारा ते तीन. येशूचे वधस्तंभावरचे सात उद्गार, मंडळीतल्या सात जणांनी एकेकावर बोलायचं. यंदा माझं नाव आहे. माझी आत्मिक वाढ कोणाच्या तरी लक्षात आली.

पहिला उद्गार क्षमेचा. 'त्यांना क्षमा कर, कारण ते काय करतात हे त्यांना समजत नाही.' तो मलाच मिळणार हे धरून मी दोन पानं आधीच लिहून ठेवली होती. मंडळीत माझ्याइतका अन्याय कोणावर झालेला नाही.

क्षमेचा उद्गार सगुणाला दिला आहे.

मला पाचवा. 'मला तहान लागली आहे.' चार शब्द. सगळ्यात लहान.

१७ मार्च. सकाळी ११.००

पाळकसाहेबांना जाऊन भेटले. रेव्हरंड रत्नदीप, वय चौतीस, स्वतःच्या बाप्तिस्म्याच्या वेळी रडले होते ते मी पाहिलं आहे. कोणाला कोणता उद्गार हे कसं ठरलं, एवढंच विचारलं. ते म्हणाले, बाई, चिठ्ठ्या टाकल्या. मी म्हटलं, चिठ्ठ्या टाकून तर शिपायांनी येशूचे कपडे वाटून घेतले होते.

ते हसले. मग म्हणाले, बाई, तहान फार मोठा विषय आहे. मी म्हटलं, सोलापुरात तहानेवर प्रवचन लागत नाही, इथे नळ पाच दिवसांनी येतो.

हे वाईट बोलणं धरायचं का? धरत नाही. प्रश्न तत्त्वाचा होता.

दोष: आवाज चढला. (पाळकसाहेब. सगुणा.)

२३ मार्च, रविवार. दुपारी ३.१५

प्रवचन सात पानं झालं. तहानेचे तीन प्रकार केले आहेत: शरीराची, आत्म्याची, आणि काही लोकांना असते ती पुढेपुढे करण्याची. तिसऱ्या प्रकाराशी समासात लिहिलं आहे, 'इथे थांबणे. बायकांच्या बाजूला, तिसऱ्या बाकाकडे पाहणे.'

आरशासमोर एकदा वाचून पाहिलं. आवाज जरा घोगरा आला. दिवसभर वापर नसल्यामुळे असेल. या आवाजाला दिल्लीचे ऑपरेटर मॅडम म्हणायचे.

३ एप्रिल, गुरुवार. संध्याकाळी ५.००

चन्नम्मा भाकऱ्या घेऊन वर आली. विचारलं, "ती दुसरी बाई कुटं गेली वो? दर गुरवारी यायची ती. शेंगाची चटणी लई आवडायची तिला."

मी काही बोलले नाही. उपवास आहे.

सगुणा दर गुरुवारी पाचला यायची. खिडकीजवळच्या खुर्चीवर बसायची. मी कोणाबद्दल बोलायला लागले, आणि बोलत राहिले, की घड्याळ पाहून जुन्या ऑपरेटरच्या आवाजात म्हणायची, "तीन मिनिटं झाली, मॅडम. वाढवायचं?" ट्रंक कॉलला आम्ही लोकांना असंच मध्येच विचारायचो. भांडण चालू असो, कोणाचा बाप मरणाला टेकलेला असो. तीन मिनिटं झाली. वाढवायचं?

मी नेहमी वाढवायचे.

त्या खुर्चीवर हल्ली इस्त्रीचे कपडे असतात. मुद्दाम नाही. जागा आहे म्हणून.

चन्नम्माने चार भाकऱ्या ठेवल्या. दोन पुरतात म्हणून सांगायला हवं होतं.

१३ एप्रिल, झावळ्यांचा रविवार. दुपारी १.००

आज परीक्षा झाली आणि मी उतरले.

उपासनेनंतर दाराशी गर्दी होती. सगुणा अचानक माझ्या शेजारी. हातात तिची ती हिरवी पाण्याची बाटली. म्हणाली, "हेलन, घसा बसलाय तुझा. गीतात ऐकलं मी. कोमट पाणी पी."

पंधरा महिन्यांनी पहिलं वाक्य. त्यात क्षमा हा शब्द नव्हता, मी नीट ऐकलं.

उपवास चालू असल्यामुळे उत्तर दिलं नाही. हे पूर्णपणे आध्यात्मिक कारण होतं. ती थोडा वेळ उभी राहिली. मग झावळी घेऊन गेली.

चार बाकांच्या गर्दीतून तिने माझा आवाज कसा ओळखला, कोण जाणे.

दोष: नाही.

१७ एप्रिल, गुरुवार. संध्याकाळी ७.३०

आज प्रभुभोजन. पाळकसाहेब नेहमीप्रमाणे म्हणाले, कोणाशी तुटलेलं असेल तर आधी जाऊन समेट करा, मग मेजाकडे या. आणि दोन मिनिटं शांत राहिले.

मी वाट पाहिली. तिला चारच बाकं मागे यायचं होतं.

ती आली नाही. माझी बाजू स्वच्छ असल्यामुळे मी पुढे गेले, भाकर घेतली, प्याला घेतला. परत येताना पाहिलं तर सगुणा बाकावरच बसून. सगळा बाक रिकामा, ती एकटी, हात मांडीवर. शेवटपर्यंत उठली नाही.

गुडघे दुखत असतील.

गेल्या वर्षीही उठली नव्हती. तेव्हाही मला गुडघेच वाटले होते.

१८ एप्रिल, उत्तम शुक्रवार. सकाळी ७.००

प्रवचन अकरा पानं. माझी पाळी साधारण पावणेदोनला.

तहानेवर पोटभर पाणी पिऊन बोलणं हा ढोंगीपणा आहे. म्हणून सकाळपासून पाणी नाही. बोलून होईपर्यंत नाही. कोणाला सांगितलेलं नाही. नम्रता म्हणून.

काल बेचाळीस डिग्री होतं.

त्याच दिवशी. संध्याकाळी ५.००

जसं झालं तसं लिहिते.

पहिला उद्गार सगुणाचा. मला वाटलं होतं, ती माझ्याकडे बघून बोलेल. ती कागदाकडे बघून बोलली. म्हणाली, मी एका माणसाचं दुःख चारचौघांत वाचून दाखवलं, प्रार्थनेच्या नावाखाली. मला वाटलं, मी प्रेम करतेय. काय करतेय ते मला समजत नव्हतं. एवढं बोलून खाली बसली. चार मिनिटं. नाव घेतलं नाही.

म्हणजे तिने मागितली. मग आता माझ्यावर आलं.

दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या उद्गारावर कोणी काय बोललं, मला सांगता येणार नाही. पंखे गरम हवा फिरवत होते. माझी जीभ टाळूपासून सुटेना.

पावणेदोनला उभी राहिले. अकरा पानं ठेवली, चष्मा लावला, वचन म्हटलं.

"मला तहान लागली आहे."

पुढचं वाक्य आलं नाही. घसा बंद. दीड महिना आवाज वापरला नव्हता, त्यात सकाळपासून कोरडा. ओठ हलले, आवाज नाही. सगळ्यात पुढच्या बाकावरचे वडीलधारे मान डोलवायला लागले.

पाणी मागावं म्हणून सगळा जोर लावला, तर पुन्हा तेच निघालं. "मला तहान लागली आहे."

 कोणीतरी डोळे पुसले. पाळकसाहेबांनी डोळे मिटले. तिसऱ्यांदा म्हटलं, ते जेमतेम ऐकू आलं असेल. "मला तहान..." आणि मी टेबल धरलं. तीनशे माणसं माझं प्रवचन ऐकत होती.

सगुणा उठली. गुडघ्यांना काही झालेलं नाही, झपझप आली. हिरव्या बाटलीचं झाकण उघडून माझ्या हातात दिली आणि कानाशी म्हणाली, "बावळट, सकाळपासून प्यायली नाहीस ना?"

सगळ्यांसमोर प्यायले. हनुवटीवरून, साडीवर. ती धरून उभी होती. मग मला बाकापर्यंत नेलं. तिसऱ्या. सातवा लांब होता. बसल्यावर हळूच म्हणाली, "चाळीस दिवसांत एवढंच खरं बोललीस."

उत्तर सुचलं होतं. आवाज नव्हता.

तीन वाजता पाळकसाहेब म्हणाले, बाई, इतकं प्रभावी प्रवचन या चर्चमध्ये झालं नाही. तीन वेळा, तेच चार शब्द, आणि शेवटी ते पाणी. कसं सुचलं? सुचलं नव्हतं, हे मी सांगितलं नाही. अकरा पानं टेबलावरच राहिली. कोणी परत आणून दिली नाहीत.

हिरवी बाटली माझ्याकडे राहिली.

२० एप्रिल, ईस्टर. दुपारी १२.४०

बाटली धुऊन, पिशवीत घालून चर्चला नेली. क्षमा आजच करून टाकायची, वाक्यही तयार होतं. तिसऱ्या बाकावर जाऊन बसले.

सगुणा आली नाही. शेजारची म्हणाली, काल संध्याकाळीच मुलीकडे गेली, मंगळवेढ्याला. मला कोण सांगणार?

घरी आले. जुन्या डायरीत तिच्या मोबाइलचा नंबर होता. फोन लावला. अर्धं आयुष्य मी लोकांना जोडून दिलं, पण स्वतःसाठी नंबर फिरवताना दोनदा चुकले.

ती "हॅलो" म्हणाली. मी म्हटलं, बाटली माझ्याकडे राहिली. ती म्हणाली, माहीत आहे.

वही समोर उघडीच होती. दीड महिन्यातले दोष सदतीस. त्यात माझे एकटीचे सहा, बाकीच्यांना कंसात नाव. तयार केलेलं वाक्य असं होतं: सगुणा, मी तुला क्षमा केली आहे. ते तोंडात घेतलं आणि बाहेर काढता येईना. म्हटलं, त्या मंगळवारी तू म्हणालीस ते. ती म्हणाली, हं. मी म्हटलं, ते खरं होतं. तेवढ्याचाच राग आला.

 तिकडे कुकरची शिट्टी झाली. मी घड्याळाकडे बघत बसले, तीही बघत असणार.

मग म्हणाली, "तीन मिनिटं झाली, मॅडम. वाढवायचं?"

वाढव म्हटलं. पण दोघींनाही पुढे काही सुचेना. ती म्हणाली, गुरुवारी येते, पाचला. आणि चन्नम्माला चटणी सांगून ठेव.

खाली जाऊन सांगितलं. चन्नम्मा म्हणाली, "दाड बरी झाली म्हना की."

खुर्चीवरचे इस्त्रीचे कपडे कपाटात ठेवले. खुर्ची रिकामी छान दिसत नाही.

मध्ये सोमवार, मंगळवार, बुधवार आहेत.