बादलीच्या तळाची घरं

प्रिय भिंगरी,

पत्र बघून दचकू नकोस, कुणी गेलेलं नाही. फोनवर तू मला बोलू देत नाहीस म्हणून लिहायला बसले. मी दोन वाक्यं बोलले की तुझ्याकडे गिऱ्हाईक येतं. एवढी गिऱ्हाइकं खरंच येत असती तर तू जिच्या दुकानात शिवायला बसतेस त्या शिंपीणबाईंनी एव्हाना दुसरं दुकान काढलं असतं. कागद असा मध्येच बंद करता येत नाही. बाजूला ठेवलास तरी तिथे पडून तुझ्याकडे बघत राहील. अक्षर वाईट आहे. चौथीत शाळा सुटली ती सुटली, त्यामुळे चुका काढू नकोस.

मला तुझा संशय येतो आहे. कशाचा ते सांगते, पण आधी माझ्या कामाचं ऐकून घ्यावं लागेल. तू कधी विचारत नाहीस. तुला अजून वाटतं मी त्या समुद्राकाठच्या प्रयोगशाळेत फरशी पुसते. फरशी आता दुसरी बाई पुसते, आणि कोपरे सोडून पुसते. माझ्याकडे बादल्या दिल्यात. बादलीत समुद्राचं पाणी, त्यात एक पट्टी मोटरवर हळूहळू फिरत असते, आणि पाण्यात ते जनावर. तांदळाच्या दाण्याएवढं डोकं नि पोट मिळून, मागे शेपूट, आणि सगळं काचेसारखं आरपार. प्रयोगशाळेतल्या मोठ्या मॅडमनी त्याचं लांबलचक नाव सांगितलं, ते माझ्या जिभेवर बसलं नाही. मी त्याला शेपट्या म्हणते. आता मॅडमही तेच म्हणतात, पाहुणे आले की तेवढं खरं नाव घेतात.

हा शेपट्या स्वतःभोवती एक घर करतो. अंगातूनच काढतो, पातळ, फुग्यासारखं. त्यात बसून शेपूट हलवायचं, पाणी आत ओढायचं, गाळून खायचं. घर तुंबलं की ते टाकून बाहेर पडायचं आणि नवं फुगवायचं. दिवसातून कितीतरी वेळा. मला हे पहिल्या आठवड्यात कुणी सांगितलं नव्हतं. सकाळी बघते तर बादलीच्या तळाला शेंबडासारखा थर. मी म्हटलं, मेले सगळे. मीटिंग चालू होती तिथे जाऊन दार उघडलं आणि सगळ्यांसमोर सांगितलं, की तुमची जनावरं मेली, मी काही केलेलं नाही. मॅडम चपला हातात घेऊन पळत आल्या. बादलीवर वाकल्या, मागून दिवा धरला, म्हणजे आरपार जनावरंही दिसतात, आणि हसत सुटल्या. तळाला होती ती टाकलेली घरं. जनावरं वर मजेत पोहत होती. तेव्हापासून सगळे मला विचारतात, मावशी, आज कोण गेलं. मी म्हणते, तुमची अक्कल.

मॅडम त्याच्यामागे का लागल्यात तेही ऐक. अंड्यातून जीव घडताना हृदय इथे कर, शेपूट तिथे कर अशा सूचना असतात म्हणे, त्यांना जनुकं म्हणतात. शेपट्याच्या अंगातून ही जनुकं ढिगानं गेलीत. ज्यांच्याशिवाय जनावर घडणारच नाही असं सगळ्यांना वाटायचं, तसलीसुद्धा गेलीत. तरी त्याचं हृदय होतं, आणि लवकर होतं, धडधडताना मी भिंगातून बघितलंय. त्याचं एक चुलत भावंड धक्क्याच्या खांबांना चिकटलेलं असतं, दाबलं की पाणी उडवतं. लहानपणी तूसुद्धा ते दाबून माझ्या साडीवर पाणी उडवलं होतंस. ते पिल्लू असताना शेपूट घेऊन पोहतं, मग डोकं खांबाला चिकटवतं, शेपूट स्वतःच्याच अंगात जिरवून टाकतं आणि जन्मभर तिथून हलत नाही. मॅडमचं म्हणणं असं, की शेपट्याचे पूर्वजही असेच चिकटून बसणारे होते. जनुकं गेली, हृदय घडायची रीत बदलली, सुटसुटीत झाली, हृदय लवकर चालू होऊन पोहत राहणं जमायला लागलं, आणि त्याचं चिकटणं सुटलं. म्हणून तो मरेपर्यंत पोहतो.

मला हे पटलं नाही. हरवलं आणि त्यानं बरं झालं असं कुठे असतं. माझे दोन दात पडले, म्हणून मी काही जास्त चांगली चावायला लागले नाही. मी तसं मॅडमना तोंडावर म्हटलं. त्या चिडल्या नाहीत. म्हणाल्या, मावशी, बरोबर आहे तुमचा संशय. बहुतेक जनावरांचं काही हरवलं की ती मरतात, पण मेलेली आपल्याला दिसत नाहीत. जी तगली तेवढीच समोर असतात, म्हणून हरवणं चांगलं असं सरसकट म्हणायचं नाही. एकेकाला बघायचं, की हा कसा जगतोय.

मग मी विचारलं, गेलं हे तुम्हाला कळतं कसं. नसलेली वस्तू दिसते कशी. त्या म्हणाल्या, भावंडांकडे बघायचं. सगळ्या चुलत-मावस भावंडांकडे आहे आणि ह्याच्या एकट्याकडे नाही, तर ते ह्याच्याकडून गेलं. आणि एकदा बघून भागत नाही. आपल्यालाच सापडलं नसेल. म्हणून दुसऱ्या समुद्रातले शेपटे आणायचे, पुन्हा शोधायचं, तिसऱ्यातले आणायचे. एवढी शंका घेणारी बाई मी पहिल्यांदा बघितली. मला वाटायचं जगात अशी मीच एक आहे.

तर मी तुझ्या फोनवर काय ऐकू येत नाही ते शोधायला लागले. ताडून बघायला धाकटीचा फोन होताच. धाकटी बोलते तेव्हा मागे तिचा नवरा मोजे कुठेत म्हणून ओरडतो, पोर रडतं, काहीतरी पडतं, ती मधेच मला सोडून त्यांच्यावर खेकसते. तुझ्याकडेही हे असायचं. जावयाचं खाकरणं असायचं, टीव्ही असायचा, आणि काही विचारलं की तुझं थांबणं असायचं. रविवारी येतेस का म्हटलं की तू गप्प व्हायचीस, मग फोनवर हात ठेवून त्याला विचारायचीस, मग सांगायचीस जमणार नाही. आता खाकरणं गेलं. टीव्ही गेला. थांबणं गेलं, तू पटकन हो म्हणतेस. येत नाहीस ते वेगळं. त्याच्या जागी शिलाई मशीनची घरघर येते, दुकान बंद व्हायची वेळ टळून गेली तरी येते, आणि शिंपीणबाईंचा तो कोरडा खोकला. एकदा नाही, पाच-सहा फोन मी असे ऐकले, दुपारचे, संध्याकाळचे, सुट्टीच्या दिवशीचेसुद्धा. दुकानावर माळा आहे हे मला ठाऊक आहे. तिथे कापडाचे तागे असतात असं तू सांगितलं होतंस. आता ताग्यांशेजारी कोण झोपतं ते तूच सांग.

आणखी एक. धुणं धुताना तुझं गाणं कधी गेलं ते मला आठवत नाही. लग्नानंतर दुसऱ्या वर्षी असेल. मी तेव्हा म्हटलं, संसारात पडली, शहाणी झाली. तेव्हा मला कुठे कळत होतं की भावंडांशी ताडून बघायचं असतं. धाकटीही संसारात पडली, ती अजून बेसूर गाते, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशी.

तू म्हणशील एवढं कळलं होतं तर सरळ येऊन का नाही बघितलंस. आले असते तर माझं तोंड सुटलं असतं, आणि माझं तोंड तुला माहीत आहे. तू माळ्यावरूनही पळाली असतीस.

आता हे आजच का लिहिलं ते सांगते. काल जावई आला होता. गेले काही आठवडे मी त्याच्या फोनवर तुला विचारलं की तो मला सांगत होता, ती अंघोळीला गेलीय, ती झोपलीय, ती बाजारात गेलीय. काल येऊन खुर्चीत बसला आणि म्हणाला, ती गेली, कपाट रिकामं आहे, घर संपलं, कुठे आहे सांगा. मी सांगितलं नाही. मग म्हणाला, तुमचं ती ऐकते, तिला लिहा, तू घर मोडलंस, परत ये. आणि डोळे पुसले. चहा मात्र पूर्ण प्यायला, वर साखर कमी म्हणाला. मी म्हटलं, लिहिते. काय लिहिते ते त्यानं विचारलं नाही. त्याच्या घराचं तो सांगत होता तेव्हा मला तो बादलीचा तळ दिसत होता. घर तळाला पडलंय हे मला कळलं, ते मी ऐकून घेतलं. पण ते जनावर मला अजून वर पोहताना दिसलेलं नाही. घरात जागा आहे, पुढच्या खोलीतली खाट मी मोकळी केली आहे, यायचं तर ये, नाही तर माळ्यावरच राहा, त्याच्याकडे मी तुला पाठवणार नाही. पण तू बरी आहेस की मला बरं वाटावं म्हणून फोनवर हसतेस, हे मला ऐकून कळत नाही, आणि मी तुझ्या हसण्यावर विश्वास ठेवत नाही. म्हणून शनिवारी दुकान बंद झाल्यावर मी समोरच्या फुटपाथवर उभी राहीन. वर येणार नाही, बोलणारही नाही. तू नुसती खिडकीत ये, दिवा तुझ्या मागे ठेव, आणि मला नीट बघू दे.

तुझीच,
खाली उभी राहणारी आई