चाळीसपैकी चौतीस

३ जून
चौतीस! चाळीसपैकी चौतीस! पनवेलच्या इंग्रजी क्लासची पहिली चाचणी. नुसत्या टिक करायच्या होत्या, त्याही मी निम्म्या डोळे मिटून केल्या. गुरुदत्त सरांनी यादी वाचली — "स्नेहल म्हात्रे, चौतीस, वरची बॅच." आणि लगेच — "स्नेहल म्हात्रे, अकरा, खालची बॅच." सगळे हसले. आमच्या भागात म्हात्रे काय कमी आहेत! दुसरी स्नेहल करंजाडेची. सरांनी चौतीसला माझ्याकडे बोट केलं, अकराला तिच्याकडे. पेपर त्यांच्याच फायलीत राहिले.

आई म्हणाली, "बघ! आन तू म्हनत व्हतीस, मराठी शाळेतल्यांना इंग्रजी जमत नाय."

खरंच, दहावीपासून हेच धरून बसले होते.

११ जून
करंजाडेची स्नेहल एसटी स्टँडवर भेटली. क्लास सोडला तिने. "पेपर बरा गेलाय असं वाटलं व्हतं गं. तरी अकरा! आपल्याला नाय जमनार." मी मोठ्या ताईसारखी समजूत घातली — प्रयत्न कर, येईल. बिचारी.

२ जुलै
वरच्या बॅचमध्ये सगळे फाडफाड बोलतात, मीच तोंड शिवून बसलेली. सर म्हणाले, "चौतीसवाली ना तू? येतंय तुला. फक्त चुकायला घाबरतेस." मग काय, चुकले! आठवडाभर हसं करून घेतलं. कुणी मला खाल्लं नाही.

१९ जुलै
आमच्या बॅचमधली रेवा कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली. आज तिने मला शंका विचारली. मला!

५ ऑगस्ट
आमच्या जासईतल्याच कंटेनर यार्डच्या ऑफिसात मुलाखत. ही नोकरी नाही मिळाली तर दिवाळीनंतर लग्नाचं बघणार, हे घरात ठरलेलं. साहेबांनी सुरुवातच इंग्रजीत केली. मनात म्हटलं — चौतीस. आणि बोलले! दोनदा अडले, सॉरी म्हणून पुन्हा सुरू केलं.

९ ऑगस्ट
लागली! नोकरी लागली! बाबांनी सगळ्या आळीत पेढे वाटले. "माजी पोर इंग्रजीत बोलली," असं दारोदार सांगत फिरले, मला लाज वाटेपर्यंत. देवा, सरांचे उपकार कसे फेडू? त्या चाचणीचेही उपकार. तेवढा एक आकडा नसता, तर मी पहिल्याच आठवड्यात पळून आले असते. उद्या सरांना पेढे.

१० ऑगस्ट
सर एवढे खूश झाले, म्हणाले, "तुझा पहिला पेपर घेऊन जा, आठवण म्हणून." फाईल उघडली. चौतीसच्या पेपरवर नाव — स्नेहल कृष्णकांत म्हात्रे. माझे बाबा धर्मराज. माझे अकरा.

सर खुर्चीत बसूनच राहिले. मी तो पेपर आणि उरलेले पेढे घेऊन करंजाडेची रिक्षा पकडली. दार तिनेच उघडलं. पेपर तिच्या हातात दिला, म्हटलं, "हा तुझा आहे गं."