मागच्या आसाचा लॉकर, कपाट नव्हे

प्रति,
मा. भांडार अधिकारी,
वाहन व साहित्य शाखा,
ग्रंथालय विभाग.

विषय : फिरत्या वाचनालयाच्या गाडीसाठी डिफरन्शियलचे भक्कम व परवडणारे भाग मिळणेबाबत, तसेच वेल्डिंगचा आदेश मागे घेणेबाबत.
संदर्भ : लॉकरचे माप, कप्पे व रंग विचारणारे आपले पत्र.

महोदय,

संदर्भातील पत्राला मी उत्तर दिले नाही. मी मागितला होता मागच्या आसाचा लॉकर. आपण विचारलेत, कप्पे किती आणि रंग कोणता. कार्यालयाची चूक असेल असे माझ्या मनातही आले नाही. आसात कप्पे असतील, माझेच वाचायचे राहिले असेल, असे समजून मी पुस्तके उघडून बसलो, आणि उत्तर राहून गेले. मग पाच कप्प्यांचे लोखंडी कपाट आले व आदेशानुसार गाडीच्या मागच्या बाजूला बोल्टने आवळले गेले. कपाट उत्तम आहे. तक्रार कपाटाची नाही.

१. मागच्या दोन चाकांच्या मधोमध आसावर लोखंडी गोळा असतो, त्यात डिफरन्शियलचे गिअर असतात. वळणावर बाहेरचे चाक जास्त व आतले कमी फिरावे, ही त्यांची सोय. पण खडकाळ चढावर एक चाक अधांतरी झाले की तेच नुसते गरगरते आणि जमिनीवरचे चाक ढिम्म उभे राहते. लॉकर अशा वेळी दोन्ही चाके एकमेकांना बांधतो. त्यात पुस्तके ठेवता येत नाहीत.

२. गाडी माझी धाकटी मुलगी चालवते. मी शेजारी बसतो व वस्त्यांवर पुस्तके देतो-घेतो. गेल्या गुरुवारी वरच्या वस्तीच्या चढावर मागचे डावे चाक उचलले गेले. कपाटाच्या वजनाने गाडी मागे बसली आणि ब्रेक दाबलेला असतानाही खडीवरून दरीकडे सरकू लागली. मुलगी म्हणाली, "बाबा, आधी उतरा, चाकामागे दगड लावा. घाबरायचं नंतर." मी उतरलो. घाईत पहिला दगड माझ्याच पायावर पडला. दुसरा लागला. कड्यापर्यंत हातभर अंतर उरले होते. मुलीने सांगितल्याप्रमाणे मी नंतर घाबरलो, ते अजून थांबलेलो नाही.

३. त्या प्रसंगाचा अहवाल गेल्यावर आपल्या शाखेने कळवले की, काटकसर म्हणून आतले गिअर वेल्ड करून टाकावेत. तसे केल्यास दोन्ही चाके कायमची जखडतात. उतारावरच्या ओल्या वळणाला गाडी वळण्याऐवजी सरळ जाऊ शकते, नाहीतर आसाचा दांडा तुटतो. गॅरेजवाला म्हणाला, "साहेब सांगतील तर तुमचा चष्मापण वेल्ड करीन. पण गाडी सरळ दरीत गेली तर माझं नाव घ्यायचं नाही." त्याने उद्याची वेळ दिली आहे.

४. मी दुकाने फिरलो. हवेच्या दाबावर चालणारा, बटण दाबल्यावरच बांधणारा लॉकर सर्वांत चांगला. किंमत ऐकून मी दुकानदाराची क्षमा मागून बाहेर पडलो. सर्वांत स्वस्त गिअर हाताला गुळगुळीत लागले, पण विकणाराच म्हणाला, "काका, सपाट रस्त्यालाच न्या हे." उरला तो गॅरेजवाला ज्याला 'डबा' म्हणतो तो लॉकर. तो खरोखर डब्याएवढ्या खोक्यात येतो. आतले लहान गिअर काढून गोळ्यातल्या जुन्याच घरात बसतो, जोर पडला की बांधतो, वळणावर आपला सैल होतो. सोबत घडीव पोलादाचे दोन दांडे व नवी बेअरिंगे घ्यावीत, म्हणजे तो जोर सोसला जाईल. माझी शिफारस हीच. 'डबा' या शब्दावरून जेवणाचा डबा पाठवला जाऊ नये, ही विनंती.

माझे चुकत असेल. जन्मभर मी पुस्तकांना कव्हरेच घातली. परंतु हे सर्व मी गॅरेजवाल्याला वाचून दाखवले, आणि तो हसला नाही.

५. मुलगी थांबायला तयार नाही. "वरची पोरं पुस्तकं बदलायला खोळंबलीत. तुमच्या अर्जाचं उत्तर येईस्तोवर त्यांना नातवंडं होतील," असे ती म्हणते. तिच्याशी वाद घालणे मला कधी जमले नाही. आपल्याशीही जमणार नाही. म्हणून गाडीची चावी या अर्जासोबत जोडत आहे. दुसरी चावी नाही. भाग मंजूर झाल्यावर ती परत पाठवावी. मुलीला हे सांगितलेले नाही. हे लिहीत असताना ती आतल्या खोलीत गाद्या उलटून पाहत आहे. मला आपली भीती वाटते, तिची त्याहून जास्त वाटते. पण त्या चढावर ती एकटी गेली तर दगड लावायला कोणी नसेल.

आपला नम्र, व उत्तराला उशीर झाल्याबद्दल दिलगीर,

मानद ग्रंथपाल,
फिरते वाचनालय
दिनांक : १४ नोव्हेंबर

सोबत :
१. दुकानांची दरपत्रके
२. गॅरेजवाल्याचे मत (तेलाचे डाग त्याचेच आहेत)
३. चावी, एक. गाडीची, कपाटाची नव्हे.

स्थळप्रतीवरील नोंद : आज दुपारी नोंदणी टपालाने पाठवले. खिडकीवरच्या बाईंनी पाकीट कानाशी हलवले. "आजोबा, आत काय खुळखुळतंय?" मी म्हणालो, "उत्तर आहे." त्यांनी शिक्का मारला.